शुक्रवारची गाडी

सोमवार, ५ डिसेंबर २०११

सकाळच्या जहाजानं आले. समुद्र गरीब गाईसारखा होता. मावशी बसथांब्यावर उभी होती आणि मला बघून म्हणाली, वाळलीस गं, आपियात काय हवा खाऊन राहत होतीस? मी म्हटलं, तुझ्या हातचं नव्हतं ना. तिनं नाक मुरडलं आणि माझी पिशवी ओढून घेतली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आमचं गाव, वाइसुला, होतं तसंच आहे. घराला भिंती नाहीत, त्यामुळे गुपितंही नाहीत. अंगणात आईचं थडगं. त्यावर बसून मावशी तारोचे कंद सोलते आणि सोलता सोलता थडग्याला गावातल्या बातम्या सांगते. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. तिच्या या थोरल्या बहिणीनं, अकेनेसेनं, मला वाढवलं. गोड बोलणं तिच्या कुंडलीतच नाही. पंधरा वर्षांनी राजधानीतून परत आले तर शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, की आली एकदाची, आता नारळ किसायला कुणीतरी मिळालं.

नोकरी चर्चमागच्या खोलीत. एक जुना संगणक, एक खुर्ची, एक पंखा, तोही रुसलेला. त्र्याण्णव सालापासून गावची रोजची सांजप्रार्थना तिथे ध्वनिमुद्रित होते. चर्चच्या ओसरीत माइक टांगलेला आहे, गल्लीतल्या आठ-दहा घरांचा आवाज त्यात येतो. हे सगळं दाबून लहान करायचं आणि वर्ष संपायच्या आत बंद करायचं. नंतर तारखांचा घोळ नको, कारण या वर्षी आमचा देश नकाशावरची वार बदलायची रेघ ओलांडून पलीकडे जातोय. गुरुवारी २९ला रात्री बारा वाजले की एकदम शनिवार, ३१ तारीख. मधला शुक्रवार गायब. मावशी म्हणते, चला, देवानं मांस न खायचा एक वार तरी माफ केला. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

माझ्या आधी हे काम सेमिसी करायचा. मार्चमध्ये त्याला म्हणे झटका आला. आता दिवसभर बसथांब्यावर बसून असतो. मी सकाळी हाक मारली तर बोलला नाही, नुसतं खांद्यावरून मागे बोट दाखवलं. मी वळून बघितलं. मागे रस्ताच होता.

गुरुवार, ८ डिसेंबर

कामाची रीत कळली. पेलेनातो हे आपियाचे साहेब. फोनवरून शिकवतात, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकतात. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी खूण, तिथे हुकूम टाइप करायचा. आधी एका वर्षाच्या सगळ्या फायलींची एक मोट बांधायची, मग ‘एक्सझेड’ असा हुकूम द्यायचा. तो मोट दाबून लहानशी करतो. उलटा हुकूम दिला की सगळं जसंच्या तसं परत.

मी विचारलं, दाबतो म्हणजे काही टाकून देतो का? ते म्हणाले, छे. तुझी मावशी दिवसातून दहा वेळा एकच टोमणा मारते ना? मग तो दहा वेळा कशाला लिहायचा? पहिल्यांदा पूर्ण लिहायचा, पुढच्या नऊ वेळा नुसतं बोट दाखवायचं, की मागे बघ. पहिला टोमणा जागेवर आहे तोवर बाकीचे नऊ कधीही परत मिळतात. मला साहेब आवडले.

एकच मेख आहे. हुकूम नुसता दिला तर दाबलेली मोट राहते आणि मूळ आपोआप पुसलं जातं. मूळही राहायला हवं असेल तर हुकुमाला k हे अक्षर जोडावं लागतं. सेमिसीनं कीबोर्डखाली चिठ्ठी चिकटवून ठेवलीय, ‘k विसरू नको’, खाली तीन रेघा. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, डिस्क गच्च भरलीय, मूळ ठेवशील कुठे, डोक्यावर? तेही खरंच. k गाळला आणि त्र्याण्णव दाबलं.

साहेब म्हणाले होते की आवाज फारसा दबत नाही, शंभराचे सत्तर झाले तरी पुष्कळ. माझे शंभराचे चार झाले. मी म्हटलं, रोज तीच प्रार्थना, मग होणारच. ते म्हणाले, माणसाच्या कानाला तीच असते, यंत्राला नाही. एक दिवस कुणी खोकतं, एक दिवस कोंबडा आरवतो. दोन दिवस कधीच सारखे नसतात. तू रिकामी मोट बांधली असशील.

रिकामी नव्हती.

बुधवार, १४ डिसेंबर

कामाला हात बसला. सकाळी कोको आणि पानिकेकेचे तळलेले गोड गोळे खाऊन खोलीवर जाते आणि दिवसाला दोन वर्षं उरकते. दोन हजारपर्यंत आले. रोजची नवी प्रार्थना आपोआप दाबली जावी म्हणून संगणकाच्या रोजच्या कामांत एक ओळही घालून ठेवली. आळशी माणसाला अक्कल जास्त, असं मावशी म्हणते ते खोटं नाही.

संध्याकाळी शंख वाजला. प्रार्थनेच्या वेळी कुणी फिरू नये म्हणून रस्त्यावर पोरं दांडकी घेऊन उभी राहिली, चालणारे जागच्या जागी थांबले, घराघरांतून गाणं सुरू झालं. आमच्याकडे गाणं संपल्यावर मावशी डोळे मिटून घरातली नावं घेते. वर्षानुवर्षं तोच क्रम. लेउतु, जी घाई करून आधी गेली (ही माझी आई). मिका, जो ऑकलंडला जाऊन जाडा झाला (हा माझा मामा). त्याच्या तिघी मुली, ज्या फोन करत नाहीत. आणि ताला, जी फार बोलते. लहानपणी मला या शेवटच्या वाक्याचा राग यायचा. पंधरा वर्षं आपियात मी नसताना ती हे रोज म्हणत होती हे मला आज कळलं, आणि मी चटईवर डोकं टेकून मनसोक्त रडले. मावशी म्हणाली, कांदा तर मी चिरला नाही.

शनिवार, १७ डिसेंबर

कपडे धुतले. मावशीनं विचारलं, शहरात साबण मिळत नव्हता काय?

डिस्क अजून गच्चच दाखवते. इतकं दाबलं तरी जागा तसूभर वाढली नाही. संगणक बंद करून चालू केला, तरी तेच. पेलेनातो म्हणतात, दुर्लक्ष कर.

संध्याकाळची प्रार्थना १४ तारखेप्रमाणे.

मंगळवार, २० डिसेंबर

एक विचित्र गोष्ट. पीत्याच्या दुकानात साबण घ्यायला गेले. पीता जन्माचा बडबड्या, गिऱ्हाइकाला आधी तब्येत विचारतो, मग नातेवाइकांची तब्येत, मग हवा. आज त्यानं तोंड उघडलं, थांबला, खांद्यावरून मागे बोट दाखवलं आणि साबण दिला. माझ्यामागे उभ्या असलेल्या बाईनंही तेच केलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. बोलणं झालं असं समजून दोघंही समाधानानं हसले.

मी घरी येऊन मावशीला म्हटलं, पीत्याला सेमिसीचं वारं लागलं. ती म्हणाली, तुला सगळ्यांत खोटच दिसते.

तिचा आवाज ऐकून जीव भांड्यात पडला. २०११चं सालही आज दाबून झालं. संपलं काम.

गुरुवार, २२ डिसेंबर

आज ही वही पहिल्यापासून वाचली. १७ तारखेला मी प्रार्थनेवर पानभर लिहिलं होतं. मला आठवतंय. पाऊस आला होता, मावशी ‘मिका’ म्हणाली आणि वरून नारळ पडला, त्यावर आम्ही दोघी फिसकन हसलो. ते पान नाही. तिथे एकच ओळ आहे, ‘संध्याकाळची प्रार्थना १४ तारखेप्रमाणे.’ अक्षर माझं. पान फाटलेलं नाही, खाडाखोड नाही. अशी ओळ मी लिहिली नाही.

मला भीती वाटते. लिहून ठेवते म्हणजे उद्या नाकारणार नाही.

रोजच्या कामांतली ती आपोआप दाबायची ओळ खोडून टाकली.

शुक्रवार, २३ डिसेंबर

ओळ सकाळी परत तिथेच होती.

संध्याकाळी शंख वाजला. सगळे बसले. गाणं सुरूच झालं नाही. घराघरांत सगळ्यांनी डोळे मिटले, एकदम एकच बोट वर केलं, मागे दाखवलं, आणि उठले. प्रार्थना झाली. मावशीही उठली. मी म्हटलं, नावं घे ना. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की नावं तर घेतली, अजून काय हवं या बाईला.

रविवार, २५ डिसेंबर

नाताळ. चर्चमध्ये फादरनी पुस्तक उघडलं आणि मिटलं.

घरी जेवायला बसलो. नारळाच्या दुधातली पालुसामी, भाजलेला नीरफणस, डुकराचं मांस, वाफ येत होती. मी डोळे मिटले आणि उघडले तर पानं रिकामी. मावशी चावत होती. गिळत होती. तोंडात काही नव्हतं. मागच्या नाताळात खाल्लं होतं ना, तेच.

तिच्या दंडाची कातडी लोंबायला लागलीय. आठवडाभर ती असंच जेवत असेल तर? आणि मी खोलीवर बसून फायली मोजत होते.

सोमवार, २६ डिसेंबर

उलटा हुकूम दिला. सगळं उघड, म्हटलं, सगळं परत दे. पाच मिनिटं चाललं आणि थांबलं. ‘जागा शिल्लक नाही.’ एक वर्ष उघडून बघितलं, जागा नाही. एक दिवस, एकच दिवस उघडून बघितला. जागा नाही. निरुपयोगी फायली पुसल्या. माझे फोटो पुसले. तरी जागा नाही.

पेलेनातोंना फोन केला. रडत होते तरी नीट सांगितलं, की मला नवी मोठी डिस्क हवी, आजच हवी, मावशी मरेल. मावशीचं त्यांना काही कळलं नाही, पण माणूस चांगला. म्हणाले, नाताळाची सुट्टी आहे, ऑफिसची गाडी तुमच्या बाजूला शुक्रवारी जाते, तिच्यात ठेवतो, रडू नकोस. मी देवाचे आभार मानले. पहिल्यांदा जे झालं ते जागेवर आहे तोवर सगळं परत मिळतं, असं त्यांनीच सांगितलं होतं. डिस्क आली की सगळं उघडायचं. शुक्रवार. चार दिवस कळ काढायची.

मावशीला सांगितलं, शुक्रवारी सगळं ठीक होईल. तिनं मान हलवली.

मंगळवार, २७ डिसेंबर

मला कळलंय ते असं. जे आधी कधी झालं नाही तेवढंच उरतं. म्हणून मावशीला आज नवीन खायला दिलं, डब्यातले पीच, तिनं जन्मात खाल्ले नव्हते. खाल्ले. खरंच पोटात गेले. रस हनुवटीवर ओघळला. मी आनंदानं वेडी झाले. दुपारी दुसरा डबा उघडला.

ती चावत होती. तोंड रिकामं.

बुधवार, २८ डिसेंबर

पहाटेपासून बसथांब्यावर. म्हटलं स्वतः जाते आपियाला, शुक्रवारची वाट कशाला बघायची. पाचची बस आली. भोंगा ऐकला. धूळ उडाली, तोंडात गेली. बस नव्हती. बायका धुळीत चढल्या आणि — गेल्या की नाही, कोण जाणे. सेमिसी बाजूला बसला होता. माझ्याकडे बघून रडत होता. हुकूम त्यानंही दिला असणार. k लावायला विसरला असणार.

फोन. पेलेनातो ‘हॅलो’ म्हणतात. मग काही नाही. परत फोन. ‘हॅलो’ही नाही.

घरी आले. मावशी थडग्यावर. दोन दिवस तिच्या तोंडून शब्द नाही, कारण तिच्याकडे जे आहे ते सगळं आधी बोलून झालंय. टोमणे, नावं, बातम्या. मी तिच्या पायाशी बसले. ती बराच वेळ तोंड उघडत होती, मिटत होती. शोधत होती. मग म्हणाली, तू नव्हतीस तेव्हा तुझी फार आठवण यायची गं.

उभ्या जन्मात बोलली नव्हती.

मी म्हटलं, परत म्हण. मावशी, एकदाच परत म्हण.

तिनं बोट उचललं. मागे.

गुरुवार, २९ डिसेंबर

सकाळ. मावशी थडग्यावर बसलीय. तिच्या आरपार नारळाचं झाड दिसतं. हात तारो सोलल्यासारखे फिरतात. तारो नाही. सुरी नाही. आता हातही —

तिच्यासाठी काहीतरी नवं हवं. कधी न झालेलं. मी तिला आई म्हणाले. मी तिला कधी आई म्हटलं नव्हतं, पस्तीस वर्षांत नाही, तिनं केलं सगळं आईचं तरी नाही. म्हटलं, आई, एक दिवस थांब. उद्या गाडी येते.

तिनं ऐकलं. चेहरा हलला. मग बोट वर आलं आणि खाली, थडग्याकडे वळलं. आई हा शब्द आधीच तिथे होता.

दुपार. फादर चर्चच्या दारावर कागद लावत होते. नवा कागद, म्हणून अक्षरं होती. आज मध्यरात्री घंटा. उद्या शनिवार, ३१.

उद्या शनिवार.

मी तो तीनदा वाचला. पेलेनातो शुक्रवार म्हणाले. मी शुक्रवार म्हटलं. दोघांच्याही तोंडातून इतका सहज गेला, सवयीनं. पाच तारखेला या वहीत मीच लिहिलंय, मधला शुक्रवार गायब. हसले होते मी. पोट धरून.

गाडी शनिवारी येत नाही. पुढचा शुक्रवार ६ जानेवारी. तोवर ती —

शंख. म्हणजे शंखाची जागा. सगळीकडे बोटं.

मी नावं घेतली. ती घेत नाही तर मी घेते. लेउतु, जी घाई करून आधी गेली. मिका. तिघी मुली. आणि — माझं नाव आठवेना. फार बोलते ती. कोण ती. मावशी, माझं —

जागेवर कुणी नाही. चटई दबलेली आहे.

शुक्रवार, ३० डिसेंबर २०११

सकाळच्या जहाजानं आले. समुद्र गरीब गाईसारखा होता. मावशी बसथांब्यावर उभी होती आणि मला बघून म्हणाली, वाळलीस गं, आपियात काय हवा

५ तारखेप्र